तक्रारींची मालकीण

झुलेखाबींना तक्रार ऐकायला आवडायची. कुणाला गाणं आवडतं, कुणाला गोडधोड. बींना भाडेकरूची तक्रार आवडायची. ती जितकी लांबलचक आणि जितकी तावातावाने केलेली, तितकी त्यांची तब्येत खुलायची. 'घर गळतं' एवढ्यावर त्यांचं समाधान होत नसे. कुठल्या कोपऱ्यात गळतं, खाली काय ठेवलं होतं, त्यावर बायको काय म्हणाली, सासू काय म्हणाली, हे सगळं त्या खोदून खोदून विचारायच्या. मग दोन शिव्या भाडेकरूला आणि चार कारभाऱ्याला घालून म्हणायच्या, "जा आता. होऊन जाईन." आणि ते होऊन जायचं.

मी लग्न होऊन मंगरूळपीरला आले ती दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची वर्षं. आमचे हे तिथल्या शाळेत मास्तर होते. दर्ग्याकडे जाणाऱ्या वाटेला लागून कवेलूंच्या, म्हणजे कौलारू, घरांच्या समोरासमोर दोन रांगा होत्या, मधल्या चौकात विहीर. गाव तिला 'बीची ओळ' म्हणे. ओळीत एक शिंपी होता, बांगड्या भरणारा मनियार होता, गावाबाहेरच्या मळ्यात भाजी पिकवून बाजारात बसणारी माळ्यांची तीनचार घरं होती, आणि ब्राह्मण म्हणावेत तर आम्ही दोघंच. बींचे मालक कपड्याचे व्यापारी. ते वारले तेव्हा ओळ बींच्या वाट्याला आली. बी पडद्यातल्या. ओळीच्या तोंडाशी त्यांचं घर. पुढे ओटा, ओट्यावरच्या दाराला जाड निळ्या कापडाचा पडदा. दर गुरुवारी, म्हणजे त्यांच्या जुम्मेरातीला, दुपारच्या नमाजानंतर बी पडद्यामागे वेताच्या मोढ्यावर बसत आणि पुरुष माणसं ओट्यावर उभी राहून पडद्याला आपली गाऱ्हाणी सांगत. बायकांना आत मुभा होती. म्हणून मला बी दिसल्या. ओळीतल्या पुरुषांनी दहादहा वर्षं भाडं भरलं, पण बींचं नाक कसं होतं ते त्यांच्यातला एकही सांगू शकला नसता. ते चांगलं धारदार होतं.

मी आले त्याच आठवड्यात मला बोलावणं आलं. बी सुपारी कातरत होत्या. अंगाने काटकुळ्या, उंच, डोक्यावर ओढणी, आणि हातातला अडकित्ता सारखा चालू.

"घर कसं हाय, बाई?"

मी देशावरची, नवी नवरी. माहेरी शिकवलेलं शहाणपण ताजं होतं. म्हटलं, "छान आहे."

अडकित्ता थांबला. "चूल कोन्या बाजूले हाय?"

"पूर्वेला."

"धूर कुठी जाते?"

"डोळ्यात," मी म्हणाले.

"मंग छान काहून म्हनलं?"

मग बी मऊ आवाजात म्हणाल्या, "पाहा बाई, हे घर माह्यं हाय, पन राह्यता तुमी. तुमी नाई सांगितलं तं मले काय सपन पडन?" दुसऱ्या दिवशी गवंड्याने येऊन चुलीवरच्या भिंतीत झरोका पाडला. तेव्हापासून मी तक्रार करायला शिकले आणि अजून ती सवय गेलेली नाही.

बींशी भांडण्यात ओळीत कुणी वस्ताद असेल तर ती गिरजाबाई. माळ्याची विधवा, रंगाने काळीसावळी, डोक्यावर पाटी घेऊन चालली तरी रस्ता तिचाच वाटे. एकदा बींच्या शेळ्यांनी तिची वाळत टाकलेली मेथी फस्त केली. गिरजाबाई थेट ओट्यावर आली. एरवी बाया आत येत, पण तिला भांडण चारचौघांत हवं होतं.

"बी, तुमच्या बकऱ्याईनं माही मेथी खाल्ली."

"तुह्या मेथीनं माही बकरी काहून बोलावली?"

मग जे जुंपलं ते ऐकायला अर्धी ओळ गोळा झाली. गिरजाबाईने बींच्या शेळ्या काढल्या, बींनी गिरजाबाईची भाजी काढली, दोघींनी एकमेकींच्या सासरच्यांना सोडलं नाही. शेवटी बींनी निकाल दिला, तो स्वतःच्या विरुद्ध: दुभती शेळी महिनाभर गिरजाबाईच्या दारात बांधायची, दूध तिचं. गिरजाबाई गेल्यावर बी ओढणीच्या टोकाने घाम टिपत मला म्हणाल्या, "काय बाई हाय वो. जीव गार झाला."

तेव्हाचा त्यांचा कारभारी नथ्थू नावाचा म्हातारा होता. भाडं गोळा करायचं, दुरुस्त्या करवायच्या, असं त्याचं काम. तो निम्म्या गोष्टी विसरायचा. शिंप्याच्या घराला आणलेली कवेलू मनियाराच्या घरावर चढवायचा. भाडेकरू त्याच्या तोंडावर त्याची टर उडवत, बीही उडवत, आणि तो हसत उभा राही. नथ्थू थकून लेकीकडे निघून गेला तेव्हा बींचे धाकटे दीर करीमशेठ कारंज्याहून आले. करीमशेठ कापसाचे मोठे व्यापारी. त्यांचं म्हणणं फार दिवसांचं होतं की बाईमाणसाला हा पसारा झेपत नाही. ओळ त्यांच्या ताब्यात द्यावी, ती पाडून तिथे सरकी काढायचा जिन घालता येईल. बींनी तोवर दाद दिली नव्हती. या खेपेस शेठनी निदान माणूस तरी आपला दिला. त्याचं नाव कासम मुनशी.

मुनशी म्हणजे काय सांगू. पांढरी स्वच्छ शेरवानी, कानात अत्तराचा फाया, बोलणं असं गोड की शिवी दिली तरी माणसाने शुक्रिया म्हणावं. भाडं वेळच्या वेळी. हिशेब चोख, त्यात खोट काढायला जागा नाही. ओळीत आरडाओरडा नाही. आणि मुख्य म्हणजे तक्रारी बंद. जुम्मेरातीला लोक येत, सलाम करत, "सगळं बरं हाय, बी" म्हणत आणि जात. पूर्वी दिवेलागणीपर्यंत चालणारी बैठक चहा निवायच्या आत आटपू लागली. आमचे हे तर मुनशीवर बेहद्द खूश. "व्यवस्था म्हणतात ती ही," असं त्यांनी मला ताटावर बसून अनेकदा ऐकवलं.

बी मात्र सुकत चालल्या. जेवण कमी झालं. पानदान उघडायच्या आणि तसंच मिटायच्या. मला वाटलं, करमत नाही म्हणून. मी म्हटलंसुद्धा, "बी, आता कसं सगळं शांत आहे."

"बसा इथी," त्यांनी मला त्यांच्या मोढ्यावर बसवलं. "डोये मिटा. आन् आयका."

तो गुरुवारच होता. बाहेर शिंपी आला. "सलाम बी. सगळं बरं हाय."

"काय आयकू आलं?"

"सगळं बरं आहे म्हणाला."

"कोनाले म्हनला?"

मग मनियार आला, तेच बोलला, आणि माझ्या ध्यानात आलं. आवाज समोरून येत नव्हता. तो पडद्याच्या डाव्या अंगाला, जिथे खांबापाशी मुनशी उभा असे, तिकडे जात होता.

"इतके वर्सं मी कोनाचं तोंड पाह्यलं नाई," बी हळू आवाजात म्हणाल्या. "मले आवाजच दिसते. पयले तो सीदा माह्या छातीवर येत जाय, गोट्यावानी. आता तिकडं वयते. लोक मले सांगून नाई राह्यले बाई, त्याले विचारून राह्यले, का हे बोलू का नोको बोलू. ज्या दिवशी भाडेकरू मले जवाब देयाच्या पयले कारभाऱ्याचं तोंड पाह्यते, त्या दिवशी कारभारी बदलला पायजे. नाई तं मालक बदलला असं समजा."

पुढच्या सोमवारी त्यांनी कारंज्याला निरोप धाडला की मुनशीला काढते आहे. तिसऱ्या दिवशी करीमशेठ बैलांच्या दमणीतून उतरले ते लालबुंद होऊन. मी स्वयंपाकघरात कांदे निवडत बसले होते. दाराच्या फटीतून सगळं ऐकू येत होतं.

"भाबी, मुनशीमें खोट क्या है?" शेठ म्हणाले. "भाडं येतं. हिशेब बराबर. एक माणूस रडत नाही. असा माणूस काढायचा? लोक म्हणतील, बाई भ्रमिष्ट झाली."

बींनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि दोघांच्या मधल्या चौरंगावर ठेवला. "उद्या जुम्मेरात हाय. एक दिस माह्या जागेवर बसा. परद्याच्या आत, माह्या मोढ्यावर. मुकाट्यानं आयका. त्याच्यानंतर बी तुमाले वाटलं का मुनशी पायजे, तं ह्या किल्ल्या तुमच्या. ओय पाडा, जिन घाला, मी एक शब्द बोलनार नाई."

पंचवीस घरं, त्यातलं एक आमचं, आणि बींचं सगळं आयुष्य त्या चौरंगावर पडलं होतं. शेठ हसले. कबूल म्हणाले. एवढा स्वस्त सौदा त्यांना बाजारात कधी मिळाला नसेल.

गुरुवारी भल्या पहाटे, बायका पाण्याला यायच्या आधी, आमच्या दारावर थाप पडली. बाहेर बी, बुरख्यात, हातात मसाला कुटायचा बत्ता. "चाल," एवढंच म्हणाल्या. आम्ही दोघी विहिरीवर गेलो. तिथे दोर ज्यावरून फिरतो ते लाकडी चाक होतं. बींनी बत्त्याच्या दोन ठोक्यांत त्याची खुंटी उडवली, मी चाक झेललं, आणि ते त्यांच्या बुरख्याखाली गेलं. येताना दर्ग्याकडे निघालेला एक फकीर भेटला. बींनी त्याला सलाम केला, त्याने दुवा दिली. बुरखा इतका कामाचा असतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

उजाडल्यावर बायका आल्या. चाक नाही. कुजबुज झाली, इकडेतिकडे बघणं झालं, मग दोर तसाच दगडावरून घासत हातांनी ओढून सगळ्यांनी पाणी भरलं. बींचं दार हाकेच्या अंतरावर होतं, पण एकीचंही पाऊल तिकडे वळलं नाही. मीही तशीच घागर ओढली आणि ह्यांना मुद्दाम सांगितलं की विहिरीवर चाक नाही. हे म्हणाले, "मुनशी बघतील."

दुपारी करीमशेठ पडद्यामागे मोढ्यावर बसले. बी बाजूला, डोक्यावरची ओढणी पुढे ओढून. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. बाहेर ओट्यावर मुनशी, आणि खाली चौकात सगळी ओळ.

शिंपी आधी आला. "सलाम बी. सगळं बरं हाय."

"विहीर कशी हाय?"

"बेस हाय."

"आन् चाक?"

शिंप्याचा आवाज खांबाकडे वळला, "चाक बी बेस हाय."

शेठनी बींकडे बघून मान डोलावली, ऐकलंत ना, अशी. मनियार आला. "करकरत असन ना रे चाक?" बींनी विचारलं.

"नाई बी. तेल पाजल्यावानी फिरते."

मुनशी अदबीनं मधे बोलला, "परवाच मी सोता तेल टाकलं, बी."

मग आमचे हे आले. शाळेत तपासणीसाहेब यावेत तसा घसा साफ केला आणि म्हणाले, "विहिरीचं चाक अत्यंत सुरळीत चालू आहे." मी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"करीमभाई," बी दबक्या आवाजात म्हणाल्या, "जरा पाय संबाळा." आणि त्यांनी शेठच्या पायाशी पडलेलं गोणपाट उचललं.

शेठनी खाली बघितलं. पायाच्या अंगठ्याने चाक ढकलून पाहिलं. मग पडद्याकडे बघितलं, मग बींकडे. बाहेर आणखी कुणीतरी चाकाची तारीफ करत होतं.

एवढ्यात गिरजाबाई ओट्यावर चढली. बाजारातून येत होती, पाटी अजून काखेत. बींनी तिलाही तेच विचारलं. तिने तोंड उघडलं तसा मुनशी हलकेच खाकरला. गिरजाबाई गप्प. एवढी एक बाईसुद्धा गप्प राहिली तर बींना पुन्हा कुणाशी भांडायला मिळणार नव्हतं.

"गिरजे," बी म्हणाल्या, "मी तुले विचारून राह्यली. मुनशीले नाई."

पाटी खाली आपटल्याचा आवाज झाला. आणि मग आवाज आला तो थेट पडद्यावर.

"चाकच नाई तं करकरीन काय? सकायपासून चाक नाई, बी. हातानं दोर ओढू ओढू माहे तयवे सोलले. आन् हे सारे मिशावाले बेस हाय, बेस हाय करून राह्यले."

"गिरजाबाई, तुमचं घर..." मुनशी बोलू लागला आणि थांबला.

"बोला ना मुनशीजी," बी म्हणाल्या. "तिच्या घराचं काय?"

"मीच सांगून देते," गिरजाबाई म्हणाली. "जो बीकडे गाऱ्हानं घेऊन जाईन त्याचं घर पयले खाली होईन. करीमशेठले जिनाले जागा पायजे, त्यायनंच हुकूम देल्ला हाय. असं मुनशीनं घरोघरी सांगून ठेवलं. गोड बोलून सांगितलं, पन सांगितलं."

पडदा सर्रकन बाजूला झाला. करीमशेठ ओट्यावर उभे होते. "मेरा नाम लेके?" ते म्हणाले. मुनशीचा चेहरा त्याच्या शेरवानीच्या रंगाचा झाला.

शेठनी असा हुकूम दिलाच नव्हता, हे सगळ्यांच्या ध्यानात आलं. मग मनियार म्हणाला, "बी, माह्या घराची मागची भीत फुगली." शिंपी म्हणाला, "माह्या दाराले वायवी लागली." आणि मग कुणाचं कुणाला ऐकू येईना. मोऱ्या, कोनाडे, उंदीर, शेजाऱ्याची कोंबडी, सगळं एकदम पडद्यावर येऊन आदळू लागलं. आमच्या ह्यांनीसुद्धा खिडकीच्या गजाबद्दल काहीतरी सांगितलं, पण ते बोलीभाषेत. आत बींनी पानदान ओढलं, अडकित्ता घेतला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पुढे फक्त एकदा बघितलं, माझ्या मुलीला पहिल्यांदा मांडीवर घेतलेल्या माझ्या आईच्या चेहऱ्यावर.

करीमशेठ आत येऊन चाकावरच बसले आणि त्यांनी डोकं धरलं. "भाबी, ये रोज होता है?"

"रोज नाई," बी म्हणाल्या. "जुम्मेरातले."

शेठ थोडा वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी चौरंगावरचा किल्ल्यांचा जुडगा एका बोटाने बींच्या बाजूला सरकवला. माणूस हट्टी होता, पण बोलीचा पक्का.

मुनशीला बींनी पानाचा विडा देऊन निरोप दिला. "तुमी चोर नाई मुनशीजी," त्या पडद्याआडून म्हणाल्या. "चोर असते तं बरं झालं असतं. चोरावर डोया ठेवता येते. तुमी माहे कान घेऊन गेल्ते." मुनशी सलाम करून गेला. असं म्हणतात की कामरगावच्या एका सावकाराकडे त्याचं पुढे फार बस्तान बसलं.

नवा कारभारी कोण, यावर ओळीत आठवडाभर पैजा लागल्या. बींनी गिरजाबाईला नेमलं. बाई, तीही माळीण, तीही निरक्षर. करीमशेठनी कारंज्याहून कळवलं की आता मात्र हद्द झाली. बींनी उलट निरोप दिला की ही एकच बाई आहे जी माझ्याशी भांडू शकते, आणि मी तिच्याशी. गिरजाबाई भाजीच्या पाटीबरोबर भाडं गोळा करू लागली. नेमणुकीच्या दिवशी बी तिला सगळ्यांदेखत म्हणाल्या, "लोक तुह्याशी भांडतीन तवरोक तू कारभारीन. तुले भ्याले लागले का दुसऱ्या दिवशी तुले बी काढीन."

"काढून तं पाहा," गिरजाबाई म्हणाली. त्या जुम्मेरातीची बैठक त्यांच्यातच संपली.

पुढे ह्यांची बदली रिसोडला झाली. सामान गाडीत भरून मी बींचा निरोप घ्यायला गेले. त्या तेव्हा बऱ्याच थकल्या होत्या, दात पडले होते, सुपारी खलबत्त्यात कुटून खात. मी पाया पडले, त्यांनी माझ्या कानशिलांवरून हात फिरवून बोटं मोडली.

"काई तक्रार?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, "नाही बी. काही नाही."

त्यांनी मान हलवली, पण तोंड फिरवून बसल्या. मी गाडीत बसले. बैल निघाले. हे काहीतरी रिसोडच्या शाळेबद्दल सांगत होते आणि मला ते ऐकू येत नव्हतं. बींच्या ओट्यासमोरून गाडी पुढे गेली तेव्हा मला राहवेना. मी मागे वळून, सगळ्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले,

"बी, मागच्या दाराची कडी बसत नाही. चार वर्षं झाली, रात्री पाटा लावून झोपतो आम्ही."

निळा पडदा हलला. त्यातून एक हात बाहेर आला, काटकुळा, खलबत्त्यासकट. ओळीतल्या पुरुषांनी बींचा तेवढाच काय तो भाग पाहिला असेल.

"चार वर्सं," आतून आवाज आला, खणखणीत, तरुण, "आन् आता सांगून राह्यली? थांबव ती गाडी. गिरजे, अवो गिरजे, आयकलं का, काय म्हनून राह्यली ही मास्तरीन?"

गाडी थांबली नाही. वळणापर्यंत मला त्या दोघी भांडताना ऐकू येत होत्या.